घाटमाथ्यावरची पेढी

लोणावळ्यात चिक्कीचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बोरघाटात रेल्वेचं काम चाललेलं, मजूर डोंगर फोडतायत, आणि अगरवाल घराण्यातले भीमराज त्यांना गूळ, शेंगदाणे नि तुपाची गुडदाणी विकतायत. पुढे मगनलाल यांनी धंदा हाती घेतला. रेल्वेच्या सांगण्यावरून ती गुडदाणी, म्हणजेच चिक्की, बांधीव पाकिटांतून गाडीत विकली जाऊ लागली आणि मगनलाल हे नाव पाकिटावर चढलं.

गोष्ट गोड आहे, पण सालं मांडली की थोडी अडखळते. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ऐन भरात असताना तिथे चाळीस हजारांवर माणसं राबत होती. एप्रिल १८६३ मध्ये पंचवीस बोगद्यांचा तो मार्ग खुला झाला. पेढीची स्थापना मात्र १८८८ ची सांगतात. म्हणजे मूळ बोगदे खोदणारे हात तोवर कधीच पांगले होते. मात्र गावात रेल्वेचा लोको कारखाना होता, घाटाची डागडुजी बारमाही होती, आणि १८७७ पासून नगरपालिकाही होती. पगाराच्या दिवशी रोख मोजणारं गिऱ्हाईक मावळात आणखी कुठे मिळणार? भातावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पैसा यायचा तो वर्षातून एकदा. वाण्याकडची त्याची वही उधारीने भरायची.

खरी बरकत आली ती गाडीच्या थांब्यामुळे. घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिन लावतात आणि ते लोणावळ्याला सुटतं. ही पाच-सात मिनिटं दोन्ही टोकांच्या खाद्यधंद्यांची भाग्यरेषा ठरली. चढाच्या पायथ्याशी दिवाडकरांचा वडा, माथ्यावर चिक्की. वडा गरम असतानाच संपवायचा, चिक्की मात्र घरी न्यायची. न फुटता, न विटता पुण्या-मुंबईपर्यंत पोचणारा जिन्नस असल्यामुळे तो प्रवासाची खूण झाला. १९२९ मध्ये घाटात विजेची इंजिनं आली, १९३० मध्ये दख्खनची राणी धावू लागली, गाड्या वाढल्या आणि गिऱ्हाईकही वाढलं.

आता गंमत पाहा. चिक्कीचा कच्चा माल मुख्यतः मावळचा नाहीच. इथलं पीक आंबेमोहोर, आणि १९८७ पासून वडगावच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ. ऊस आणि भुईमूग बहुतांशी बाहेरचे. वर हवा अशी, की पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की तासाभरात चिकट होते. आणि नेमक्या पावसाळ्यातच भुशी धरणाकडे माणसांची रीघ लागते, म्हणजे विक्रीचा हंगामही तोच. त्यामुळे कारागिराचं सगळं कसब पाकात. कढईतल्या उकळत्या गुळाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडायचा. बोटाला लवला तर पाक कच्चा, वाटीवर आपटल्यावर टण् वाजला तर झाला. मग भाजून सोललेले दाणे टाकायचे, तूप लावलेल्या ओट्यावर ओतायचं, लाटणं फिरवायचं आणि गरम आहे तोवरच सुरीने रेघा पाडायच्या. अर्ध्या मिनिटाची हयगय झाली की सगळा घाणा वाया.

हे कान-डोळ्यांचं शास्त्र घराण्यात पिढीजात चालत आलं, पण कायद्याला ते पुरेना. डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने आवश्यक तपासण्या होत नसल्याच्या कारणावरून मगनलाल चिक्कीचं उत्पादन आणि विक्री थांबवायला सांगितलं. पुढे विक्री पुन्हा सुरू झाली. पण वाडवडिलांच्या नावाला प्रयोगशाळेच्या दाखल्याची जोड लागते, हे सगळ्या बाजारपेठेला कळलं.

बाजारपेठ म्हणायचं कारण, आज एकच पेढी उरलेली नाही. एकाच नावाच्या मिळत्याजुळत्या पाट्या, ‘ओरिजिनल’चे दावे, कुठे मुखवट्यासारखं छापलेलं पूर्वजाचं छायाचित्र, आणि भोवती दुसऱ्या नावांची कितीतरी दुकानं. व्यापारी घराण्यांत वाटणी होते तेव्हा गोदाम, गल्ला, कढया वाटता येतात. पाटीवरचं नाव मात्र वाटलं तरी प्रत्येकाला ते पुरतंच हवं असतं.

दरम्यान वाटही बदलली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईची मोटार गावात न शिरता पुढे जाऊ लागली. तेव्हा चिक्की महामार्गावरच्या फूड मॉलमध्ये जाऊन बसली. मग घाटाला बगल देणारा खोपोली–कुसगाव जोडरस्ता आखला गेला. या धंद्याने मजुरांचा तळ पाहिला, गाडीचा थांबा पाहिला, मोटारींची रांग पाहिली, आणि दर वेळी गल्ला उचलून गिऱ्हाईक थांबेल तिथे नेऊन ठेवला. मगनलाल यांच्या वारसदारांची खरी मिळकत पाककृती नव्हे, कारण ती आता शेजाऱ्यालाही येते. माणूस कुठे आणि का थांबतो, हे ओळखणारी नजर हीच त्यांची मिळकत. जोवर ती शाबूत आहे, तोवर पाट्या कितीही होवोत, धंदा बुडायचा नाही.