मुठीतला मिलिसेकंद

रत्नागिरीत काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि ओहोटीला लहान होड्यांना तिथून जपूनच ये-जा करावी लागते. अशा एखाद्या फायबरच्या होडीच्या मागे लटकलेलं जुनं टू-स्ट्रोक मशीन नीट बघा. वेगळं सुकाणू नाही, स्टिअरिंग नाही. पुढे आलेला एक दांडा, त्याच्या टोकाला फिरणारी मूठ आणि मशीनच्या अंगाला गिअरचा खटका, बस. मूठ पिळली की रेस वाढते, हे मोटारसायकलवाल्याला सांगायला नको. पण ही मूठ त्याहून बरंच काही करते.

सिलिंडरातलं पेट्रोल एकदम पेटत नाही. ठिणगी पडल्यापासून जाळ सगळीकडे पसरायला वेळ लागतो, मिलिसेकंदांतला का होईना. मशीन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी गुरगुरत असतं, तेव्हा एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो. ५,००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो ३० अंश जातो! ठिणगी पूर्वीच्याच जागी पडत राहिली, तर जाळ पसरेपर्यंत पिस्टन कधीच खाली निघालेला असतो. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. नव्या मशीनमध्ये हा हिशोब इलेक्ट्रॉनिक्स करतं. कित्येक जुन्या मशीनांत तो मूठ करते. ती पिळली की फ्लायव्हीलखालची मॅग्नेटोची प्लेट काही अंश सरकते आणि ठिणगी लवकर पडू लागते. त्याच प्लेटचा कॅम कार्बुरेटरची झडप ढकलतो, म्हणजे हवा आणि पेट्रोलही वाढतं. इंधन किती आणि ते पेटवायचं कधी, दोन्ही प्रश्न एका मनगटाने सुटतात. बॅटरी नाही, संगणक नाही. ठिणगी आणि झडप यांचं जुळणं बिघडलं की मूठ पिळल्यावर मशीन धावण्याऐवजी खोकतं, आणि मेकॅनिक आधी तिथेच हात घालतो.

गिअरची गंमत पाण्याखाली आहे. रिव्हर्स टाकला की मशीन उलटं फिरतं असं वाटतं, पण ते कायम एकाच दिशेने फिरतं. वरून आलेल्या उभ्या शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं. ते पुढच्या आणि मागच्या अशा दोन चाकांना एकाच वेळी फिरवतं, साहजिकच परस्परविरुद्ध दिशांनी. दोन्ही चाकं पंख्याच्या शाफ्टवर मोकळी. त्यांच्यामध्ये सरकणारा एक दातेरी तुकडा ज्या चाकात अडकेल, त्याच्या दिशेने पंखा फिरणार. मध्येच राहिला तर न्यूट्रल. पुढे आणि मागे जाण्याची तयारी सतत चालूच असते, खटका फक्त निवड करतो.

म्हणूनच खटका हळुवार टाकायचा नसतो. रेस अगदी कमी करून तो झटक्यात टाकावा. भीत भीत ढकलला तर फिरते दात एकमेकांच्या कडांवर घासतात आणि झिजून गोल होतात. पुढे गिअर आपोआप सुटायला लागतो. यंत्रापुढे नाजूकपणा नेहमीच शहाणपणाचा नसतो. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत होडीमागे लटकवायची अशी मशीनं विकायला सुरुवात केली, तेव्हा गिअरची ही चैन नव्हती. मशीन सुरू झालं की पंखा फिरलाच.

रिव्हर्समध्ये पंखा मशीनलाच पाण्याबाहेर उचलू पाहतो, म्हणून त्याला खाली धरून ठेवणारा आकडा असतो. तो गंजला तर भर वाळूपाशी मशीन वर उसळतं. दांड्याचं तंत्र नवख्याला चकवतं: दांडा डावीकडे ढकलला की होडीचं तोंड उजवीकडे वळतं, कारण पंखा उजवीकडे जातो आणि होडीची मागची बाजू डावीकडे रेटली जाते.

आणखी एक फरक, आणि तो साधा नाही. मोटारसायकलची मूठ सोडली की स्प्रिंगने परत येते. जुन्या दांड्यावरची मूठ सहसा जिथे ठेवाल तिथेच राहते, तासन्‌तास धरून हाताला रग लागू नये म्हणून. पण चालवणारा पाण्यात पडला, तर रेस तशीच राहते, मोकळा दांडा एका बाजूला कलंडतो आणि होडी गोल फिरत पुन्हा त्याच्याच अंगावर येऊ शकते. नव्या मशीनला मनगटात अडकवायची दोरी असते. ती सुटली की मशीन बंद. कित्येक जुन्यांना फक्त एक बटण असतं, तेही होडीत.