डॉक, धूळ आणि दोन रेघा

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलायला फर्स्ट क्लास, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! तरीही मराठी विभागाच्या संपादिकेने (ती माझी रूममेट आहे, त्यामुळे सुटका नाही) हट्टच धरला. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

तर मित्रमैत्रिणींनो, गोष्ट अशी. माझ्या आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, पहिल्या पगारातून हातात धरून खेळायचा एक गेम कन्सोल घेतला होता. नोकरीसाठी बेंगळुरूला जाताना त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "दिवाळीत परत घेईन. जपून वापर गं." कन्सोल टीव्हीला जोडायचा डॉक मात्र त्याच्याकडे नव्हता. तो मी बाजारातून आणला, स्वस्तातला, बिन-नावाचा. कॉमन रूमच्या टीव्हीला जोडला आणि हॉस्टेलच्या शनिवार रात्री एकदम रंगायला लागल्या.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी स्क्रीन बंद होती, ट्यूबलाईटचा उजेड तिरका पडला होता, आणि मला दिसल्या दोन रेघा. एक डावीकडे, एक उजवीकडे. पोटात गोळाच आला! आधी सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कुणाची अंगठी लागली? कुणी बॅगेत चाव्यांबरोबर टाकला? पण नीट पाहिलं तर दोन्ही रेघा उभ्या, एकमेकींना समांतर. कन्सोल डॉकमध्ये ज्या दिशेने सरकतो, बरोबर त्याच दिशेने. चोर घरातलाच निघाला.

डॉकच्या पोटात काय असतं?

डॉक म्हणजे एक उभी खाच. तळाला यूएसबी-सीची पिन. वरून न बघता कन्सोल सोडला तरी पिन नेमकी सॉकेटमध्ये बसावी, म्हणून खाचेच्या भिंतीवर दोन उभ्या पट्ट्या असतात, गाईड म्हणा. कन्सोल सहज आत जावा म्हणून थोडी ढिलाई ठेवावीच लागते, आणि ढिलाई आली की कन्सोल तिरका होणार. तिरका झाला की स्क्रीन गाईडला टेकणार.

पण प्लास्टिकने प्लास्टिकवर इतकी खोल रेघ पडते का? खरा गुन्हेगार तिसराच आहे... धूळ. फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. नियम सोपा, वरचा खालच्यावर ओरखडा काढतो. शंखजिरं १, हिरा १०. आपलं नख साधारण २.५, खिडकीची काच ५.५ च्या आसपास, आणि वाळूतला क्वार्ट्झ ७. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यातली मुख्य खनिजंसुद्धा ६ च्या जवळपास. स्क्रीनवरचं प्लास्टिक वाळू आणि बेसाल्टच्या कितीतरी खाली. आणि आमच्या हॉस्टेलशेजारी वर्षभर बांधकाम चालू आहे! खडी, वाळू, सिमेंट, सगळ्याची पावडर खिडकीतून आत. डॉकची खाच वर तोंड करून उघडी. म्हणजे आम्ही टीव्हीशेजारी धूळ गोळा करायचं भांडंच मांडून ठेवलं होतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. कन्सोल तिरका करताना समजा फक्त १ न्यूटन बल पडलं, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅमचं वजन. ते सगळं धुळीच्या एका कणाच्या टोकावर आलं, आणि ते टोक २० बाय २० मायक्रॉन धरलं, तर दाब येतो २५०० मेगापास्कल. पॉलिकार्बोनेट ६० ते ६५ मेगापास्कलच्या आसपासच कायमचं वाकायला लागतं. सुमारे चाळीस पट! कण थोडा आत रुततो तसं क्षेत्रफळ वाढतं आणि दाब उतरतो, पण तोवर नांगर जमिनीत गेलेला असतो. कन्सोल खाली सरकला की नांगरट झालीच.

मोठ्यांनी काय केलं?

खाचेत बसणाऱ्या कन्सोलमध्ये सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मार्च २०१७ मध्ये आलेला निन्टेंडो स्विच. त्याच्या ६.२ इंची स्क्रीनवर प्लास्टिकचं आवरण होतं. २०२१ च्या ओलेड मॉडेलमध्ये स्क्रीन ७ इंची झाली आणि वर काच आली. त्या काचेवर कारखान्यातूनच एक फिल्म चिकटवलेली येते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती असते, ती सोलायची नाही. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकचा २०२२ चा डॉक तर खाचच ठेवत नाही. तो नुसता स्टँड, जोडणी छोट्या केबलने. स्क्रीनला काही टेकतच नाही, मग ओरखडा कुठून येणार? डिझाईनच्या तासाला सर म्हणतात ना, उपाय करण्यापेक्षा कारणच काढून टाका, ते हेच.

माझा शहाणपणा

मी मात्र उपाय करायला गेले. गाईडवर मऊ मखमलीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि स्वतःवरच खूष झाले. दोन आठवड्यांत दोनाच्या सात रेघा! मला काही कळेना. शेवटी कन्सोल आणि डॉक घेऊन वर्कशॉपच्या मामांकडे गेले. मामांनी मखमलीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं पोरी, लॅपिंग केलंस की तू! प्रॅक्टिकलला झोपली होतीस काय?"

लॅपिंगमध्ये मऊ धातूच्या लॅपवर कठीण पावडर टाकतात. पावडरचे कण मऊ लॅपमध्ये रुतून बसतात आणि समोरचा कठीण जॉब घासतात. मखमलीने तेच केलं. गुळगुळीत प्लास्टिकवरून धूळ निदान घरंगळत तरी होती, मखमलीने ती धरून ठेवली. मी स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर चिकटवला होता. त्यामुळे डॉकला कापडी पिशवी किंवा अस्तर लावणार असाल तर ते धुता येणारं असावं आणि खरंच धुवावं. नाहीतर न लावलेलं बरं.

मग मामांनी फिटरची युक्ती दाखवली. दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला फिटर निळा रंग लावतात. आमच्याकडे होतं कुंकू आणि खोबरेल तेल! स्क्रीनवर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, डॉक बंद ठेवून गाईडवर कुंकवाचा अगदी पातळ हात फिरवला (पिनपासून लांब), कन्सोल हलकेच आत, बाहेर. लाल खुणा बरोबर स्क्रीनच्या चालू भागावर. चांगल्या डॉकमध्ये गाईड बाहेरच्या काळ्या चौकटीवर टेकायला हवेत. माझ्या स्वस्त डॉकचं मापच चुकलेलं होतं.

तर करायचं काय?

१. डॉक रिकामा असेल तेव्हा त्यावर रुमाल टाका. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. कन्सोल आत असताना मात्र रुमाल काढा, हवा खेळायला हवी.

२. आठवड्यातून एकदा डॉकची वायर काढून आतली धूळ मऊ ब्रशने झटका.

३. स्क्रीन कोरडी पुसू नका. आधी फुंकर, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर. ओढणीच्या टोकाने पुसणं बंद!

४. कन्सोल दोन्ही हातांनी, सरळ उभा घाला. पिन बसेपर्यंत सोडायचा नाही आणि काढताना पुढेमागे हलवायचा नाही.

५. कुंकवाची खूण स्क्रीनच्या आत आली तर डॉक बदला, किंवा गाईडवर गुळगुळीत टेप अशा जागी लावा की वजन चौकटीवर येईल. टेपही पुसायची.

६. टेम्पर्ड ग्लास लावा, पण आधी खाचेत तेवढी जागा आहे का ते बघा.

या ग्लासच्या खोक्यावर '९एच' असं मोठ्या अक्षरात असतं. मी समजत होते की मोह्सचा ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल! छे. तो एच आपल्या ग्राफिक्सच्या पेन्सिलीचा, २एच, ४एचमधला. ठरावीक वजनाखाली ४५ अंशात ९एच पेन्सिल ओढली आणि रेघ पडली नाही, एवढाच अर्थ. साधी खिडकीची काचसुद्धा ही परीक्षा पास होते. वाळू या ग्लासवरही ओरखडा काढू शकते, फक्त तो ग्लास बदलता येतो, स्क्रीन नाही.

आणि पडलेल्या रेघांवर टूथपेस्ट घासू नका. तिच्यातही बारीक खरखरीत पावडरच असते, रेघेच्या जागी धुरकट डाग मिळतो. केमिस्ट्री लॅबमधलं ॲसिटोन तर मुळीच नको, पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात.

दिवाळीला कन्सोल परत करायची वेळ आली. रूममेट म्हणाली, नवा ग्लास लाव, त्याखाली रेघा दिसणार नाहीत. लावलासुद्धा. पण दादाच्या हातात देताना राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं, मखमलीसकट. त्याने ग्लासखालच्या रेघा तिरक्या उजेडात पाहिल्या, थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सात कुठे? मला नऊ दिसतात." आणि जाताना कन्सोल पुन्हा माझ्याकडेच ठेवून गेला.

आता डॉकवर रुमाल असतो. कॉमन रूममध्ये कुणी तो उचलून चहाचा कप पुसला, तर गाठ माझ्याशी आहे!