जुना प्रोजेक्टर, नवी जोडणी

दिवाळीपूर्वी घराची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरून अनेक वस्तू खाली उतरतात. त्यांत कधी पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला होम थिएटरचा प्रोजेक्टरही असतो. तो सुरू करताच दिवा लागतो, भिंत उजळते. परंतु नवा सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप जोडू गेल्यास त्याची वायरच बसत नाही. मग ‘भंगारात देऊन टाका’ असा निर्णय सहज होतो. हिशेबाच्या वहीत घसाऱ्यापोटी वस्तूची किंमत शून्यावर येते, हे खरे. मात्र किंमत संपली म्हणजे उपयोग संपला, असे नव्हे.

आज सर्वत्र दिसणाऱ्या एचडीएमआय जोडणीचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाले. ती घरोघरी पोहोचण्यास पुढे काही वर्षे गेली. त्यापूर्वीच्या प्रोजेक्टरांवर मुख्यतः १९८७ मध्ये आयबीएमने आणलेली व्हीजीए जोडणी किंवा लाल-हिरव्या-निळ्या तीन प्लगांची कंपोनंट जोडणी असे. या जोडण्यांत चित्र विजेच्या चढउतारांच्या रूपाने जाते. एचडीएमआयमध्ये ते अंकांच्या रूपाने जाते. मोडीत लिहिलेली वही देवनागरी वाचणाऱ्यास समजावी, यासाठी मध्ये जाणकार लागतो. तसाच येथे कन्व्हर्टर लागतो. केवळ दोन टोकांना वेगळे प्लग असलेली वायर पुरत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी प्रोजेक्टरची मागची बाजू नीट पाहावी. तेथे डीव्हीआय सॉकेट असेल आणि ते डिजिटल संदेश स्वीकारणारे असेल, तर एचडीएमआय ते डीव्हीआय अशी साधी वायर पुरते. केवळ व्हीजीए किंवा कंपोनंट असल्यास कन्व्हर्टर घ्यावा. दुकानात त्याची दिशा स्पष्ट सांगावी: ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला सारखाच असतो, पण येथे निरुपयोगी ठरतो. त्याला यूएसबीतून वेगळा वीजपुरवठा देण्याची सोय असल्यास उत्तम.

दुसरी बाब चित्राच्या आकाराची. त्या काळच्या अनेक प्रोजेक्टरांची मूळ क्षमता १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ७२० ठिपक्यांची असे. नवे यंत्र फोर-के चित्र पाठवू लागले, तर पडदा कोराच राहतो. अशा वेळी ते यंत्र आधी टीव्हीला जोडून सेटिंगमध्ये ७२०पी निवडावे आणि नंतरच प्रोजेक्टरकडे वळावे. चित्र हिरवट वा गुलाबी दिसल्यास प्रोजेक्टरच्या मेनूतील आरजीबी व कंपोनंट यांची निवड तपासावी. चौकोनी प्रोजेक्टरवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणे हा दोष नव्हे.

आवाज व्हीजीए किंवा कंपोनंटच्या वायरीतून जात नाही. त्यासाठी ध्वनीचे वेगळे सॉकेट असलेला कन्व्हर्टर घेऊन तेथून वायर जुन्या ॲम्प्लिफायरला द्यावी.

एक मर्यादा मात्र आधीच जाणून घ्यावी. चित्रपट पुरवणाऱ्या सेवा आपल्या चित्रावर एचडीसीपी नावाचे कुलूप लावतात. जुन्या जोडणीकडे त्याची किल्ली नसल्यास पडदा काळा राहतो किंवा सूचना झळकते. तेथे वायर बदलत बसण्यात पैसे घालवू नयेत. घरी चित्रित केलेल्या फितींना मात्र असे कुलूप नसते. आजी-आजोबांच्या लग्नाची, दुकानाच्या उद्घाटनाची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली असेल, तर ती लॅपटॉपवरून या प्रोजेक्टरवर दाखवता येते.

शेवटी जमाखर्च मांडावा. कन्व्हर्टरचा खर्च अल्प असतो. प्रोजेक्टरचा नवा दिवा मात्र महाग पडू शकतो. म्हणून आधी मेनूत दिवा किती तास जळला ते पाहावे. दिवा संपत आला असेल आणि बदली दिवा मिळत नसेल, तर मोह आवरावा. निरोप देतानाही प्रोजेक्टर भंगारवाल्याकडे देऊ नये. अशा बहुतेक दिव्यांत पारा असतो. अधिकृत ई-कचरा संकलन केंद्र हेच त्याचे योग्य ठिकाण.

परंतु दिवा अजून तेजस्वी असेल, तर भाऊबीजेच्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसलेले असताना भिंतीवर तरुणपणीचे आजोबा घोड्यावरून उतरताना दिसतील. त्या एका संध्याकाळीच कन्व्हर्टरचे पैसे वसूल होतील.