सुपरमार्केटमध्ये बसायचं कुठं?

गिऱ्हाईक जितका वेळ आत, तितकी पिशवी जड. मोठ्या दुकानांचं हे साधं गणित. म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत उघडलेल्या ‘आयकिया’त फर्निचरच्या जोडीला ऐसपैस रेस्टॉरंटही आहे. दमलात? बसा, खा, पुन्हा खरेदीला लागा!

गल्ला वाढवायचा दुसरा रस्ता बाटलीचा. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकायला मंजुरी दिली. कारण सांगितलं द्राक्ष उत्पादकांच्या फायद्याचं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती आल्या आणि निर्णय कागदावरच राहिला.

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वाइनच्या कपाटानं वसमतच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं असतं? कॉफीच्या कोपऱ्याचं मात्र तसं नाही. कॉलेज सुटल्यावर पोरं टपरीवर तासभर रेंगाळतात, कुणी काही म्हणत नाही. पोरींनी बसायचं कुठं? उजेड, चार खुर्च्या, स्वच्छ टॉयलेट आणि परवडणारा चहा एवढं दुकानात मिळालं, तरी पुष्कळ.

उद्या गावात मोठं दुकान आलंच, तर ऑफर नंतर बघा. आधी विचारा, ‘बसायला जागा आहे का?’