खिडकी बंद, डोकं बंद!

बाहेर बंगळुरूची ती प्रसिद्ध हवा. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावरचं शहर. मार्च-एप्रिलचा उन्हाळा सोडला तर पंख्यावर सहज भागावं. आणि राजाजीनगरातल्या एखाद्या ऑफिसात डोकावा... बाई शाल गुंडाळून कॉम्प्युटरसमोर बसलेल्या! ड्रॉवरमध्ये स्वेटर आणि डोकेदुखीची गोळी. चार वाजले की जांभया सुरू. साहेबांचं निदान ठरलेलं : 'हिचं कामात लक्षच नसतं.'

लक्ष जातं कुठे?

राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या सीमेवर एकेकाळी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. मराठी उद्योगघराण्याने १९४६ साली सुरू केलेली ही कंपनी. कारखान्याच्या त्या जमिनीवर आज ब्रिगेड गेटवे उभं आहे. त्यात मॉल, हॉटेल आणि तीसहून अधिक मजल्यांचं वर्ल्ड ट्रेड सेंटर. शेड गेल्या, काचेची ऑफिसं आली. शहरात इतरत्रही हेच घडलं. शेडमध्ये उकाडा असे, खणखणाट असे. पण तिथे ताजी हवा खेळती ठेवायचं बंधन १९४८च्या कारखाना कायद्याने मालकावर घातलं होतं. ऑफिसात धूर नाही, धूळ नाही, मग हवेचा विचार करतो कोण?

खरी गंमत इथेच आहे. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असतं. दार लावून दहा माणसं तासभर मीटिंगला बसली की ते हजाराच्या पुढे सहज जातं. हवा शिळी झाल्याची ही खूण! भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. गार म्हणजे ताजी नव्हे.

अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी २४ जणांना सहा दिवस प्रयोगासाठीच्या ऑफिसात कामाला बसवलं. रोज हवा बदलली, पण त्यांना न सांगता. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : खेळत्या, रसायनांचा अंश कमी असलेल्या हवेत विचार आणि निर्णयशक्तीच्या चाचणीतले गुण सरासरी ६१ टक्क्यांनी जास्त. माणसं तीच, फक्त हवा वेगळी!

आणि ती शाल? ऑफिसचं तापमान ठरवण्याचं जुनं गणित ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाला समोर ठेवून मांडलेलं आहे. बाईच्या शरीरातून निघणारी उष्णता त्यात ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते, असं २०१५ मध्येच नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे थंडी वाजणं हे नखरे नव्हेत, साहेब! बर्लिनमधल्या २०१९च्या प्रयोगात तर उबदार खोलीत मुलींनी गणितं जास्त सोडवली. मुलांचे गुण किंचितच घटले.

आपल्याकडे २०२०पासून नवे रूम एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येऊ लागले. अंशागणिक सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशेब आहे. तरी रिमोट हातात आला की आकडा १८वर!

खिडकी उघडणार असाल तर रस्त्याकडची नको, गाड्यांचा धूर आत येईल. मागच्या बाजूची उघडा, जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं. एसीच्या झोताखालची खुर्ची हातभर सरकवा. आणि टेबलावर एक साधं तापमापक ठेवा. साहेबांना 'थंडी वाजते' सांगण्यापेक्षा त्यावरचा १९चा आकडा दाखवणं सोपं जातं.