घरात कॅमेरा येतो तेव्हा

माझ्या लहानपणी आमच्या घरात कॅमेरा नव्हता. लग्नामुंजीच्या वेळी तो शेजारच्या काकांकडून मागून आणला जाई. रोल छत्तीस फोटोंचा, आणि त्यातले निम्मे आधीच खर्ची पडलेले. उरलेले फोटो कोणाकोणाचे काढायचे, यावर घरात बैठक बसे. आईचे उत्तर ठरलेले असे, ‘‘तुमचे आधी होऊ देत, मी हात पुसून आलेच.’’ ती हात पुसून येईपर्यंत रोल संपलेला असे.

चार वर्षांपूर्वी आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून ताईने आणि मी सगळे अल्बम उपसले. कुठे ती मागच्या रांगेत, कुठे अर्धी दाराआड. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून घेतला. कोणीतरी दरडावून उभे केल्यासारखी ती त्यात समोर पाहते आहे. आमची आई अशी दिसत नव्हती. पण नातवंडांना ती आता अशीच दिसणार.

म्हणूनच भाची अकरावीत गेली आणि ‘‘मामा, मला डीएसएलआर हवाय,’’ म्हणाली, तेव्हा मी एरवीपेक्षा लवकर हो म्हटले. भावजींचा आक्षेप रास्त होता. ‘‘मोबाइलमध्ये आहे की कॅमेरा! वेगळा कशाला?’’

उत्तर सोपे आहे. फोटो म्हणजे प्रकाश गोळा करणे. पावसाचे पाणी वाटीत धरले काय आणि परातीत धरले काय, फरक पडणारच. मोबाइलच्या आत प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, नखाएवढी असते. सुरुवातीच्या डीएसएलआरमध्येही ती साधारण २३ बाय १५ मिलिमीटरची असते. मोबाइल ही उणीव हिशेब करून भरून काढतो, आणि अलीकडे फार छान भरून काढतो. पण तो हिशेब त्याचा असतो, आपला नाही. शिकायचे असेल तर गणित आपल्या हाताने सोडवावे लागते.

डीएसएलआर या लांबलचक नावाचा अर्थही साधा आहे. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर डोळ्याकडे वळतो. भिंगाला जे दिसते तेच आपल्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पोहोचतो. तो ‘खटॅक’ आवाज आरशाचा आणि पडद्याचा. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या अंगात सेन्सर बसवून असा पहिला कॅमेरा विकायला काढला, तेव्हा त्यात जेमतेम तेरा लाख बिंदू होते आणि सोबतचे यंत्र खांद्याला अडकवून हिंडावे लागे. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला आणि हे प्रकरण सामान्य माणसाच्या टप्प्यात आले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे नवे संशोधन आता बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेले आहे. निकॉनचा डी३५०० हा २०१८ सालचा नवशिक्यांचा लाडका कॅमेरा कंपनीने बनवणे थांबवले. मग घ्यायचाच कशाला? तर जुन्या बाजारात तो परवडतो म्हणून. हौशी लोक मिररलेसकडे वळतात आणि त्यांचे धडधाकट डीएसएलआर निम्म्या आयुष्यातच विकायला येतात. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार ही अशा कॅमेऱ्यांची जुनी पेठ. भाचीला घेऊन मी तिथेच गेलो.

जाण्यापूर्वी तिला तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. पहिली, मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलायचे नाही. अल्बमातला चार बाय सहा इंचांचा फोटो स्वच्छ छापायला वीस-बावीस लाख बिंदू पुरतात. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यातही दोन कोटी चाळीस लाख असतात. त्यातून वीस इंच रुंदीचा फोटो सुखाने निघतो. दुसरी, कॅमेरा हातात धरून पाहायचा. करंगळी अधांतरी लोंबत असेल तर तो कितीही चांगला असो, आठवड्याभरात कपाटात जातो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सगळे पैसे कॅमेऱ्यावर उधळायचे नाहीत. भिंगासाठी राखायचे.

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. ते वाईट नाही. अंगणापासून चेहऱ्यापर्यंत सगळे त्यात बसते. पण संध्याकाळी घरात ते प्रकाशाला अपुरे पडते. म्हणून दुसरे भिंग घ्यावे ते ५० मिलिमीटर, एफ १.८. त्यात मागे-पुढे सरकण्याची सोय नाही, आपल्यालाच दोन पावले चालावे लागते. मात्र माणसांचे चेहरे त्यात असे येतात की पाहत राहावे. इथे एक खाचखळगा आहे. निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांत भिंग फिरवणारी मोटर नसते. ती भिंगातच असावी लागते. निकॉनचे भिंग घेताना त्यावर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिले आहे ना, हे पाहावे. नाहीतर फोकस हाताने करत बसावे लागते.

जुना कॅमेरा पाहताना दोन परीक्षा करायच्या. पडदा किती वेळा उघडला, त्यावर त्याचे वय ठरते. डी३५०० चा पडदा एक लाख वेळांसाठी तपासलेला असतो. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये ही मोजदाद नोंदलेली सापडते. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ती सहज मिळत नाही, तिथे विकणाऱ्याची आणि वस्तूची पारख करावी. दुसरी परीक्षा बुरशीची. भिंग काढून मागून टॉर्च मारावा आणि पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नमस्कार करून निघावे. हे मी अनुभवाने शिकलो. माझा पहिला कॅमेरा मी पावसाळाभर चामडी पेटीत, कपाटाच्या तळाशी जपून ठेवला होता. गणपतीला बाहेर काढला, तर भिंगात नक्षी उमटलेली! जपणे म्हणजे कोंडणे नव्हे. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरणे, एवढे पथ्य आपल्या दमट हवेत पुरते.

भाचीने डी३५०० पसंत केला. घरी आल्यावर तिने सवयीने चकतीवरचा ‘ऑटो’ लावला आणि ताईच्या सासूबाईंवर फ्लॅश उडवला. माईंनी डोळे मिटले. ‘‘नको गं बाई,’’ म्हणून त्या आत जाऊ लागल्या. मला एकदम आमचे स्वयंपाकघर आठवले.

मग आम्ही बसलो. तिला म्हटले, तीन तोट्या आहेत. ॲपर्चर म्हणजे खिडकी किती उघडायची, शटर म्हणजे किती वेळ उघडी ठेवायची, आणि आयएसओ म्हणजे आलेल्या प्रकाशाचा आवाज किती वाढवायचा. खिडकी मोठी उघडली की मागचे धूसर होते. जास्त वेळ उघडी ठेवली की हललेले पुसट होते. आवाज फार वाढवला की खरखर ऐकू येते. एक वाढवली की दुसरी कमी करायची, वरणात मीठ-चिंच बघावी तसे. सुरुवातीला चकती ‘ए’ वर ठेवावी, कॅननवर तिला ‘एव्ही’ म्हणतात. खिडकी आपण ठरवायची, वेळ कॅमेरा ठरवेल. आयएसओ घरात १६०० पर्यंत न्यायला भ्यायचे नाही. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. हातात धरून ५० च्या भिंगाने काढताना शटर सेकंदाच्या ऐंशीव्या भागाहून संथ होऊ देऊ नये. धावत्या मुलासाठी पाचशेवा भाग तरी हवा.

‘‘आणि फ्लॅश?’’

‘‘मिटून ठेव. माईंना खिडकीपाशी बसू दे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी माई खिडकीत मेथी निवडत बसल्या होत्या. भाची समोर जमिनीवर बसली. तिने कॅमेरा लगेच डोळ्याला लावला नाही. आधी थोडी मेथी निवडली, परीक्षेच्या, मैत्रिणींच्या गप्पा केल्या. खिडकीचा उजेड माईंच्या एका गालावर होता. कुठल्याशा आठवणीवर त्या हसल्या आणि खटॅक आवाज झाला. त्यांनी हात पुसले नव्हते, पदर सावरला नव्हता.

मी भाचीला शेवटचे काम सांगितले. फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव, आणि वर्षातून दहा तरी फोटो कागदावर छापून घे. फोनमधले हजार फोटो कोणी पाहत नाही. अल्बम मात्र पाहुणे आले की निघतोच.

माईंचा तो फोटो छापून आला आहे. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, ‘‘मी अशी दिसते होय? मग हाच लावा हो, पुढे कधी लागला तर.’’ ताई रागावली. मी काही बोललो नाही. आपल्या घरातही कोणी ‘‘मी आलेच’’ म्हणून आत गेलेले असेल. आज रविवार आहे. कॅमेरा असो वा मोबाइल, त्यांना खिडकीपाशी बोलवा.