ह्मोंग लोकांचें घर

घर म्हणजे काय, असें कोणीं विचारिलें असतां आपण चार भिंती, छप्पर व अंगण दाखवूं. ह्मोंग लोकांस मात्र या एका शब्दांत जन्म, विवाह व मृत्यु हीं तिन्ही सांपडतात. त्यांच्या गृहजीवनाची थोडीशी ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ह्मोंग लोक मूळचे चीन देशाच्या दक्षिण भागांतील. तेथें त्यांची गणना म्याओ नांवाच्या मोठ्या समाजांत होते. एकोणिसाव्या शतकांत त्यांपैकीं कित्येक कुटुंबें दक्षिणेकडे उतरलीं आणि व्हिएतनाम, लाओस व पुढें थायलंड यांच्या उत्तरेकडील डोंगरांत स्थिरावलीं. रान तोडावें, जाळावें, त्या राखेंत भात व मका पेरावा, आणि जमिनीचा कस गेला कीं नवें रान शोधावें, असा त्यांचा क्रम असे. पहांट होतांच स्त्रिया उठून चूल पेटवीत व पायानें चालविण्याच्या उखळांत भात कांडीत. कामांतून सवड मिळाली म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखाचें कापड विणून त्यावर मेणानें नक्षी काढीत, तें निळींत बुडवीत व रंगीत दोऱ्यांनीं भरीत. या कलाकुसरीस ‘पा न्दाउ’, म्हणजे ‘फुलांचें कापड’, असें सुंदर नांव आहे.

घराची जमीन मातीची असते, व ती तशी असण्यास कारणही आहे. बाळ जन्मास आलें म्हणजे त्याची वार घरांतच पुरावयाची. मुलाची मुख्य खांबाच्या पायाशीं व मुलीची आईबापांच्या बिछान्याखालीं. ह्मोंग भाषेंत वारेस ‘अंगरखा’ असाच शब्द आहे, कारण मनुष्याचें पहिलें वस्त्र तेंच होय. तिसऱ्या दिवशीं दारांत उभें राहून बाळाच्या आत्म्यास हांक मारितात, नांव ठेवितात, आणि आत्मा शरीर सोडून भटकूं नये म्हणून मनगटास पांढरे दोरे बांधितात.

या समाजांत वांग, यांग, ली, थाओ इत्यादि सुमारें १८ कुळें आहेत. एका कुळांतील सर्व स्त्रीपुरुष परस्परांचीं भावंडें समजलीं जातात. त्यांच्यांत विवाह होत नाहीं. सुगीनंतर येणाऱ्या नववर्षाच्या उत्सवांत भिन्न कुळांतील तरुण व तरुणी समोरासमोर रांगा करून चेंडू झेलतात व गाणीं म्हणतात. विवाहानंतर मुलगी पतीच्या घरीं जाते; आणि मुलेंबाळें झालीं म्हणजे जांवयास सासऱ्याकडून नवें, प्रौढपणाचें नांव मिळतें.

मनुष्य निवर्तला कीं त्याच्यापाशीं मार्ग दाखविणारें गीत म्हणतात. ज्या घरांत त्यानें देह ठेविला तेथून आरंभ करून, तो जेथें जेथें राहिला त्या गांवांचीं नांवें घेत घेत, आत्म्यास जन्मघरापर्यंत परत नेतात. तेथें त्यानें आपला पुरलेला अंगरखा घालावा व पूर्वजांकडे जावें. या वेळीं सहा बांबूनळ्यांचें ‘केंग’ नांवाचें वाद्य वाजवितात. त्याचे सूर ऐकणाऱ्या जाणत्यास शब्दच होत.

१९७५ मध्यें लाओसांत राज्यक्रांति झाली. तेव्हांपासून सहस्रावधि ह्मोंग कुटुंबें मेकाँग नदी ओलांडून थायलंडांतील छावण्यांत आणि तेथून अमेरिका, फ्रान्स आदि देशांत गेलीं. आतां मुलें रुग्णालयांत जन्मतात, घरें भाड्याचीं असतात. मग अंगरखा पुरावा कोठें? कित्येक कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला असून हे विधि सोडले आहेत. परंतु जुना मार्ग पाळणाऱ्यांच्या घरीं तें गीत आतां फारच लांबलें आहे: मिनेसोटांतील घरापासून समुद्रापलीकडे, छावणींतून नदीकांठीं, आणि शेवटीं त्या डोंगरांतील गांवापर्यंत.

लाओसांत ह्मोंग भाषेकरितां रोमन लिपि तयार झाली ती १९५० नंतर. त्यापूर्वीं हें सर्व ज्ञान मुख्यतः मुखानेंच चालत आलें. मधलें एक गांव विसरलें तर वाट तुटते. म्हणूनच परदेशांतील कांहीं तरुण आजही वडीलधाऱ्यांपाशीं बसून केंग शिकतात. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या आजीआजोबांनीं कोणकोणत्या गांवीं संसार केला, तें आपण त्यांस एकदां तरी विचारिलें आहे काय?